दरीचा झाला माथा

साताऱ्याहून कासकडे जाणारा रस्ता यवतेश्वरचा घाट चढून वर येतो आणि तिथे एक नवल घडते. चढ संपतो, पण शिखर येत नाही. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आणि हा माथा १,२०० मीटरच्या आसपास. पाचशे मीटर उभा डोंगर चढल्यावर समोर सुळका यायला हवा. इथे सपाटी येते, आणि पुढचे कित्येक किलोमीटर रस्ता त्या सपाटीवरूनच जातो. दोन्ही बाजूंना दऱ्या आणि मधोमध लांबलचक, चिंचोळे मैदान. डोंगर असा सपाट कोणी केला?

पावसाळा सरता सरता हजारो माणसे या रस्त्याने जातात. कड्याशी थांबतात, उरमोडी नदीचे पाणी बघतात, फोटो काढतात आणि पुढे निघतात. दरी सुंदरच आहे. पण माझे मत असे की या रस्त्यावर खाली वाकून पायाजवळ बघणाऱ्याला अधिक मिळते. सातारा, कास, बामणोली, तिकडे ठोसेघर, चाळकेवाडी आणि थेट सांगली जिल्ह्यातल्या चांदोलीपर्यंत जे जे बघायला माणसे जातात, त्यातले बरेचसे या सपाट कातळाने घडवलेले आहे.

घाटापासूनच सुरुवात करू. यवतेश्वरच्या घाटात रस्त्यासाठी डोंगर कापला आहे, तिथे थर दिसतात. एक काळा, घट्ट, उभ्या भेगांचा. त्यावर एक भुसभुशीत, बुडबुड्यांच्या भोकांचा. मध्येच कुठे लालसर मातीची पट्टी. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा वाहिला, थंड झाला, त्यावर पुन्हा वाहिला. त्यातला बहुतेक लाव्हा दहाएक लाख वर्षांच्या अवधीत बाहेर आला, असे आजचे कालमापन सांगते. दोन प्रवाहांच्या मधल्या काळात खडकाची माती व्हायला जेवढा वेळ मिळाला, त्याची खूण म्हणजे त्या लाल पट्ट्या. या थरांचा अभ्यास करणाऱ्यांनी त्यांना इथलीच नावे दिली आहेत. वरच्या थरांच्या गटाला वाईचे नाव आहे आणि त्यातल्या एका मोठ्या थरसमूहाला महाबळेश्वरचे. जगभरचे भूशास्त्रज्ञ आपल्या प्रबंधांत वाई आणि महाबळेश्वर असे लिहितात ते या दगडांसाठी.

हा सगळा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट. पण माथ्यावर पोचलो की दगडाचा रंग बदलतो. तांबूस, जांभळट, आत वेड्यावाकड्या पोकळ्या असलेला खडक लागतो. हा जांभा. कोकणातल्या माणसाला तो घराच्या भिंतीतून ओळखीचा असतो, पण इथला जांभा कोकणातल्यापेक्षा फार कठीण आहे. उष्ण, ओल्या हवेत बेसाल्ट कुजला, पाण्याने त्यातली सिलिका वाहून नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरले, आणि लोहाने सारे सांधून टाकले. डोंगरावर या कठीण थराचे झाकण बसले. झाकणाखालचा मऊ भाग कडेने ढासळतो, पण झाकण असेल तिथे माथा टिकतो आणि सपाट राहतो. पाचगणीचे टेबललँड, कासचे पठार, चाळकेवाडीचा सडा ही सगळी अशीच टिकून राहिलेली पठारे आहेत; अशा कातळपठाराला सडा म्हणतात.

हे झाकण आले कुठून, यावर अभ्यासकांची दोन मते आहेत. जुने मत सांगते की एके काळी साऱ्या दख्खनवर जांभ्याची एक सलग चादर होती. ती बहुतेक झिजून गेली आणि डोंगरमाथ्यांवर तिचे तुकडे उरले. क्लिफ ऑलिअर आणि मुंबईच्या आयआयटीतले हेतू शेठ यांनी २००८ मध्ये वेगळेच मत मांडले. त्यांनी नकाशावर जांभ्याचे हे पट्टे पाहिले. ते चादरीच्या तुकड्यांसारखे विखुरलेले वाटेनात. ते लांब, नागमोडी, फाटे फुटलेले दिसले. नदीच असा आकार घेते. त्यांचे म्हणणे असे की हा कठीण थर प्राचीन नद्यांच्या खोऱ्यांत तयार झाला. आजूबाजूच्या उंच भागांतून पाण्याबरोबर लोह झिरपत सखल भागी आले आणि तिथे जमून घट्ट झाले. पुढे कोट्यवधी वर्षे पाऊस पडत राहिला. तळाला दगडी कवच असल्यामुळे खोरे झिजले नाही. भोवतीचे डोंगर मात्र झिजून खाली गेले. जे सर्वांत खाली होते ते सर्वांत वर राहिले.

हे मत बरोबर असेल, तर कासचा रस्ता एका नदीच्या पात्रावरून जातो. ती नदी आज नाही, तिच्या काठचे डोंगर नाहीत. तिचा तळ तेवढा दोन दऱ्यांच्या मध्ये उंच उभा आहे. दोन मतांचा निवाडा अजून झालेला नाही. पण यवतेश्वर ओलांडून पुढे जाताना रस्ता कसा वळत जातो, माथा कुठे रुंद होतो आणि कुठे आखडतो, हे या दृष्टीने एकदा बघावे. मला तरी तो रस्ता तेव्हापासून वेगळाच दिसतो.

साताऱ्यापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर कासचे पठार येते. साधारण हजार हेक्टरांचा हा सडा. जुलै २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जागा त्यात आल्या: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. कासवर सुमारे ८५० जातींच्या सपुष्प वनस्पती नोंदल्या आहेत. इतकी फुले म्हणजे जमीन सुपीक असणार, असे कोणालाही वाटेल. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. इथे माती जेमतेम काही बोटे जाडीची. तिच्यात नायट्रोजन, फॉस्फरस नावापुरता. खाली कातळ, त्यामुळे पावसाळ्यात पाणी मुरत नाही, साचते. आणि पाऊस गेला की तोच कातळ तापून करपतो. चार महिने दलदल आणि उरलेले महिने वाळवंट अशी ही जागा. मोठे झाड इथे मूळ धरू शकत नाही. झाड नाही म्हणून सावली नाही, आणि सावली नाही म्हणून चिमुकल्या वनस्पतींना सगळे आकाश मोकळे.

त्या चिमुकल्यांनी या गरिबीवर काढलेले उपाय थक्क करणारे आहेत. सप्टेंबरमध्ये ओल्या कातळावर निळ्या-जांभळ्या फुलांचे ताटवे दिसतात, ती सीतेची आसवे. नाव करुण, फूल नाजूक, आणि वनस्पती मांसाहारी. जमिनीतून नायट्रोजन मिळत नाही, म्हणून ती तो प्राण्यांकडून घेते. ओल्या मातीत तिच्या दोऱ्यांना सूक्ष्म पिशव्या लटकलेल्या असतात. पिशवी आतले पाणी बाहेर टाकून स्वतःला ताणून ठेवते. एखाद्या सूक्ष्म जीवाचा दाराच्या केसाला धक्का लागला की दार आत उघडते, पाणी आत ओढले जाते आणि त्याबरोबर तो जीवही. हे सगळे एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत घडते. वनस्पतींच्या जगात याहून वेगवान हालचाली फार थोड्या आहेत, आणि आपण त्या ताटव्यासमोर उभे असताना पायाजवळच्या ओलीत ती चालू असते. जवळच दवबिंदू नावाची वनस्पती असते. तिच्या पानांवरचे थेंब दवाचे नसतात, चिकट रसाचे असतात. कीटक त्यावर बसला की गेला.

सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी रंग दुरून दिसतो, त्यासाठी वाकावे लागत नाही. पण साचलेल्या डबक्यांत उभा असलेला वायतुरा शोधावा. पाण्यातून वर आलेल्या एका दांड्याला दोन फाटे फुटतात आणि दोन्हींवर तुरे येतात. ही जात शास्त्राला १९८२ मध्ये माहीत झाली आणि तिच्या शास्त्रीय नावात साताऱ्याचे नाव आहे. साताऱ्याच्या आसपासचे हे सडे तिचे घर. टोपली कारवीची तऱ्हा आणखी निराळी. ती सात वर्षे नुसती हिरवी राहते, मग एका वर्षी सगळी झुडपे एकाच वेळी फुलतात, बी धरतात आणि मरतात. झुडपाचा आकार खरोखरच उपड्या टोपलीचा.

पाऊस संपल्यावर जे घडते, ते बघायला मात्र फारसे कोणी येत नाही. कातळावरचे काही गवत सुकून पार कोरडेठाक होते. हाताने चुरा व्हावा इतके. ते मेलेले नसते. पेशीतले जवळजवळ सगळे पाणी गमावून ते थांबलेले असते आणि पहिल्या पावसाने काही तासांत पुन्हा हिरवे होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी २०२२ मध्ये पश्चिम घाटातल्या अशा ६२ वनस्पतींची नोंद प्रसिद्ध केली. म्हणजे मे महिन्यात कासला जाऊन ‘इथे तर काहीच नाही’ म्हणणारा माणूस जिवंत गवतावर उभा असतो.

पठारावर चालायचे असेल तर जुना राजमार्ग आहे. महाबळेश्वरच्या दिशेने जाणारी ही वाट मोटाररस्त्याच्या आधीची. त्या वाटेने दोनेक किलोमीटर गेले की कुमुदिनीचे तळे लागते. पांढऱ्या, कडांना रेशमी तंतू असलेल्या फुलांनी ते हंगामात भरून जाते. वाट सपाट आहे, लहान मुले आणि वयस्क माणसेही सहज चालतात. या पठारावरच्या हंगामी तळ्याच्या गाळातून आघारकर संस्थेच्याच अभ्यासकांनी परागकण आणि सूक्ष्म शैवालांचे अवशेष काढले आहेत. तो गाळ सुमारे आठ हजार वर्षांचा असल्याचे निघाले. पाऊस कधी वाढला, कधी घटला, भोवती कोणती झाडे होती, हे त्या चिखलात थरावर थर लिहिलेले आहे. डबके म्हणून आपण ज्यात गाडीचे चाक घालतो, त्याची ही योग्यता.

पुढे कासचा तलाव. ब्रिटिश काळापासून सातारा शहराच्या काही भागाला इथून पाणी जाते, आणि शहर खाली असल्यामुळे ते उताराने जाते. भांबवलीकडे वळले तर वजराई धबधबा आहे. तीन टप्प्यांत कोसळणारे हे पाणी उरमोडीचे. माथ्यावरून खाली उतरताना ते एकेका लाव्हाथराच्या कठीण कडेवर थबकते आणि पुन्हा उडी घेते.

मग रस्ता पश्चिमेला बामणोलीकडे उतरतो आणि झाडांमधून एकदम कोयनेचा शिवसागर जलाशय दिसतो. या क्षणी मागे वळून माथ्याकडे बघावे. पठारावर पडलेला पावसाचा थेंब पूर्वेला घरंगळला तर उरमोडीत किंवा वेण्णेत जातो, तिथून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. पश्चिमेला घरंगळला तर कोयनेत. कोयना ही विलक्षण नदी. महाबळेश्वरला उगम पावते आणि समुद्राकडे न वळता कड्याच्या आडोशाने सुमारे ६५ किलोमीटर दक्षिणेला वाहते, हेळवाकला काटकोनात पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. म्हणजे निसर्गाने दोन्ही थेंबांना एकाच समुद्राचा पत्ता दिला होता. १९६० च्या दशकात कोयनेवर धरण झाले आणि तिचे बरेचसे पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे सोडले जाऊ लागले. वीज तयार करून ते वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळते. त्या दिवसापासून कासच्या माथ्यावर पडणाऱ्या दोन शेजारच्या थेंबांची ताटातूट होऊ शकते: एक चिपळूणकडे, दुसरा आंध्रच्या किनाऱ्याकडे. माणसाने खोदलेल्या बोगद्याने हे घडवले, आणि त्या खोऱ्याच्या काठाने हा रस्ता जातो.

या पाण्याखालची जमीन शांत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे इथे मोठा भूकंप झाला, कोयनानगर उद्ध्वस्त झाले, पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. जलाशय भरल्यानंतर धरणीकंप होण्याचे जगातले सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण हेच. त्याच अभ्यासासाठी कोयना परिसरात गोठणे इथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले गेले. छिद्र पहिले सव्वा किलोमीटर लाव्ह्याच्या थरांतूनच गेले, तेव्हा कुठे खालचा ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक लागला. जमिनीखाली एवढा आणि वर डोंगरात आणखी, म्हणजे या प्रदेशात लाव्हा किती साठला असेल याचा अंदाज बांधा.

तो डोळ्यांनी बघायचा असेल तर वासोटा किल्ल्यावर जावे. सातारा जिल्ह्यात चालण्यासारखी एकच वाट निवडायला सांगितली, तर मी हीच निवडेन. बामणोलीहून वनखात्याची परवानगी घेऊन लाँचने तासा-दीड तासाचा प्रवास, मग मेट इंदवलीच्या काठाला उतरायचे. ओढ्याजवळ मारुती आणि गणपती आहेत, तिथून चढ सुरू होतो. कोयना अभयारण्यातले हे जंगल इतके दाट की भर दुपारी अंधारून येते. गवे आहेत, अस्वले आहेत, पाऊस नुकता सरला असेल तर जळवाही आहेत. वाटेत एक फाटा नागेश्वरच्या गुहेकडे जातो. दोन-अडीच तासांत माथा. शिवकालात राजापूरच्या वखारीतले इंग्रज कैदी इथे ठेवले होते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ताई तेलिणीने पेशव्यांच्या बापू गोखल्यांशी हा किल्ला लढवला. गडावर महादेवाचे मंदिर, टाके आणि वाड्याचे अवशेष आहेत. पण पाय थबकतात ते बाबू कड्यावर. समोर जुना वासोटा, मध्ये सरळ तुटलेला कडा, खाली कोकण. त्या भिंतीवर आडवे पट्टे मोजावेत. एकेक पट्टा म्हणजे एकेक लाव्हाप्रवाह, आणि तो इकडच्या कड्यावर ज्या उंचीवर आहे त्याच उंचीवर पलीकडच्या कड्यावरही सापडतो. हा कडा कधी काळी आजच्यापेक्षा किनाऱ्याच्या जवळ होता आणि झिजत झिजत पूर्वेला मागे सरकला, असे भूशास्त्रज्ञ मानतात. तो अजून सरकतो आहे. पावसाळ्यात ही वाट बंद असते आणि मुक्काम करता येत नाही. जाताना प्लास्टिकची मोजदाद होते आणि ती व्हायलाच हवी.

साताऱ्याहून दुसरा रस्ता नैऋत्येला जातो. समर्थांची समाधी असलेला सज्जनगड, मग ठोसेघरचा धबधबा, आणि वर चाळकेवाडीचा पवनचक्क्यांचा सडा. इथे उन्हाळ्यात, एप्रिल-मे महिन्यांत, एखाद्या दगडावर सरड्याचा नर बसलेला दिसतो आणि अचानक गळ्याखालचा पंखा उघडतो: झळझळीत निळा, काळा, केशरी. २०१६ मध्ये ही स्वतंत्र जात म्हणून जाहीर झाली. तिच्या वंशाला शास्त्रज्ञांनी ‘सरडा’ हेच नाव दिले आणि ज्या जागेच्या नमुन्यावरून तिचे वर्णन झाले ती जागा म्हणजे चाळकेवाडीचे पठार.

याच सरड्याने जगाला एक मोठी गोष्ट शिकवली. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले या संशोधकांनी पवनचक्क्या असलेल्या आणि नसलेल्या भागांची तुलना केली. २०१८ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चारपटींनी कमी होते. पक्षी कमी, म्हणून सरडे जास्त. सरडे नुसते वाढले नाहीत, बदलले. त्यांच्या रक्तातली ताणाची संप्रेरके कमी झाली, माणूस जवळ येईपर्यंत ते पळेनात, आणि दाटीमुळे अन्न कमी पडल्याने गळ्याचे रंगही फिके झाले. हवेत फिरणारे पाते जमिनीवरच्या सरड्याचा रंग फिका करते, हे चाळकेवाडीच्या सड्यावर समजले. स्वच्छ वीज हवीच. ती उभारण्यासाठी सडा म्हणजे ‘पडीक जमीन’ समजू नये, एवढेच या अभ्यासातून मी घेतो.

तारळे-पाटणच्या बाजूला सडावाघापूर आहे. भर पावसाळ्यात इथे कड्यावरून पडणारे पाणी खाली पोचत नाही, वर उडते. वारा कड्याच्या भिंतीला आपटून वर चढतो आणि धार परत माथ्यावर फेकतो. कठड्याच्या आतूनच बघावे, कारण तोच वारा माणसालाही ढकलतो.

डोंगराची ही ओळ दक्षिणेला कोयनेपलीकडे तशीच पुढे जाते. सांगलीकडून यायचे तर पेठ नाक्यावरून शिराळा आणि तिथून वारणेच्या काठाने वारणावती, मणदूर. जत-आटपाडी आणि हा कोपरा एकाच जिल्ह्यात आहेत, यावर विश्वास बसत नाही. तिकडे पाच-सहाशे मिलिमीटरवर वर्ष काढायचे, आणि इकडे चांदोलीला लागून असलेले पाटण तालुक्यातले पाथरपुंज काही वर्षी पावसात महाबळेश्वरलाही मागे टाकते. चांदोली राष्ट्रीय उद्यान सुमारे ३१८ चौरस किलोमीटरचे आणि सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलेले. २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. झोळंबीच्या सड्यावर उभे राहिले की कासची आठवण येते: तोच जांभा, तीच पाणथळ, तीच चिमुकली फुले, फक्त गर्दी नाही. धरण आणि अभयारण्य यांच्यासाठी इथली गावे उठली. त्यांची जुनी शेते आता गवताची कुरणे झाली आहेत आणि तिथे गवे चरतात. कोणीतरी घर सोडले म्हणून हे जंगल उभे आहे, हे तिथे गेल्यावर विसरता कामा नये.

आता ‘नवीन महाबळेश्वर’ या नावाने सातारा, जावळी, पाटण आणि महाबळेश्वर तालुक्यांतल्या दोनशेहून अधिक गावांचा पर्यटन आराखडा पुढे आला आहे. रस्ते रुंद होतील, हॉटेले येतील. डोंगरातल्या गावांना रोजगार हवा आहे आणि तो मिळालाच पाहिजे. कासच्या भोवतालच्या गावांतले लोक समित्या करून पठाराची राखण करतात आणि त्यातून काही कमावतात, हे चांगले उदाहरण समोर आहे. पण सड्याचे कवच एकदा यंत्राने फोडले की ते पुन्हा बनत नाही. ते फुटले की त्यावरचे पाणी थांबत नाही, आणि पाणी थांबले नाही की सीतेची आसवेही नाहीत, वायतुराही नाही.

म्हणून या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला विनंती: गाडी डांबरावर ठेवा, सड्यावर चढवू नका. शनिवार-रविवार टाळा. मळलेल्या वाटेवरूनच चाला, फुलांत बसून फोटो काढू नका. जेवण गावातल्या घरी घ्या. आणि दरीकडे बघून झाले की एखाद्या ओल्या कातळाशी गुडघे टेकून हातभर जागा नीट बघा; भिंग असेल तर बरोबर न्या.